चाचणीचं गाणं

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. फोन पहिल्याच आठवड्यात बसमध्ये कोणीतरी लांबवला, आणि नवा घ्यायची मला घाई नाही. तसंही तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी म्हणावं ताप आलाय, तुम्ही म्हणणार हो हो, छान. पत्र निदान दोनदा वाचता येतं.

एकटीने फिरायला निघालं की पहिला शोध लागतो तो असा, की जगातल्या प्रत्येक खिडकीपलीकडच्या माणसाला आपल्यासोबत कोण आहे हे कळायलाच हवं असतं. सुरुवातीला मी सांगायची, मैत्रीण मागून येतेय. आता सांगते, एकटीच, आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते. दुसरा शोध म्हणजे एकटं माणूस फार बडबडतं. मनातल्या मनात मी तुमच्याशी इतकी भांडलेय की घसा बसायला हवा होता.

सध्या एका शिंपीणबाईंच्या माडीवर खोली घेतली आहे. खाली खिडकीशी त्यांचं पायमशीन, शाळेच्या गणवेशांचा ढीग आणि मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. नवरा कुठे दूर बोटीवर कामाला असतो. बारा वर्षांपूर्वी नदीपलीकडून आले हे लोक. तुमच्या सभावाल्यांच्या भाषेत ‘पलीकडचे’. पहिल्याच संध्याकाळी मी जिना उतरताना गुणगुणत होते, तर सासूबाईंनी हाक मारून शेजारी बसवलं. आता रोज त्यांना एक गाणं लागतं. तेच, मी सोळाव्या वर्षी जुळवलेलं: दार नुसतं लोटून ठेवा, कोणी यायचं राहिलं असेल. तुमचं चाचणीचं गाणं. आमच्याकडे ते कर्णे तपासायला वापरतात हे मी त्यांना सांगितलेलं नाही, उगाच गाण्याची किंमत कमी व्हायची.

निघताना बोलले ते मागे घेत नाही. त्या पक्षाच्या सभा घेऊ नका म्हटलं, तर तुम्ही म्हणालात माईकला पक्ष नसतो. माईकला नसेल, लावणाऱ्याला असतो. असो. स्पीकरची खोकी एकट्याने उचलू नका, पाठ धरेल.

आईला सांगा, वेळेवर जेवते. तुमच्यावर राग आहे आणि माया आहे, दोन्ही एकाच पाकिटात घातलंय. सांभाळून उघडा.

तुमची
टिटवी


दि. ९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं, दोनदा नव्हे. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची वरात.

इकडे बरं आहे. आई दोन दिवसांपासून शांत झाली आहे, वय झालं म्हणायचं. पूर्वी भाजी चिरताना सुद्धा अर्धा तास माझा उद्धार चालायचा, आता मुकाट ताट ठेवते आणि जाते. घरात कशी शांतता आहे. तू नाहीस म्हणूनही असेल.

आता खरी बातमी. सांगणार नव्हतो, तू परत आल्यावर तोंडावर फेकणार होतो, पण पोटात राहीना. गेल्या महिन्यात मैदानावर मी नेहमीसारखी चाचणी घेत होतो. बाकीचे लोक हॅलो हॅलो, एक दोन तीन करतात, आपलं तुझं गाणं. त्यातला श्वास न् श्वास मला पाठ आहे, कुठलं खोकं फाटलंय ते त्यावरून समजतं. तेवढ्यात त्यांचे प्रचारप्रमुख आले, स्टेजच्या कडेला मांडी घालून बसले आणि अख्खं गाणं ऐकलं. मग विचारलं, कोणाचा आवाज. पोरी, तीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज मोठे करतोय. त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, माझ्या मुलीचा.

ते म्हणाले हे गाणं लोकांपर्यंत जायला हवं. मी तुझी सगळी रेकॉर्डिंग त्यांना दिली. पत्र्याच्या डब्यातली, नववीपासूनची. एक पैसा घेतला नाही, उगाच नाक मुरडू नकोस. परवा सभेत ते वाजलं. दहा हजार माणूस, आणि माझ्या कर्ण्यांतून तू. मी खांबाला हात टेकून उभा होतो आणि डोळे पुसत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. आई पहिल्या रांगेत होती, तिलाही भरून आलं असणार, मध्येच उठून घरी गेली.

म्हणतात आता गाड्यांवरून गावोगावी वाजणार. कदाचित तुझ्याही गल्लीत येईल. आलं तर म्हाताऱ्या सासूबाईंना खिडकीशी बसव आणि सांग, ही तीच मुलगी.

माझ्यावरचा राग एखाद्या वळणावर सांडून ये. वाट बघतो.

तुझा
बाबा


दि. १४ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही.

तुमचं गाणं काल आलं. दुपारी साडेतीनला, पांढऱ्या गाडीवरून. मी खाली बाईंना बटणं लावून देत होते. तुमचं पत्र सकाळीच आलेलं, तेव्हा सांगायला नको, मी मूर्खासारखी खूश झाले. सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं, खिडकी उघडली. चाल माझी. आवाज माझा. शब्द बदललेले.

दार लावून घ्या. पलीकडच्यांनी गाठोडी बांधावीत. नाही बांधली तर आम्ही बांधून देऊ. हे माझ्या आवाजात, बाबा. मी आयुष्यात न उच्चारलेले शब्द, माझ्याच लकबीने, मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेऊन. हल्ली संगणकाला एखाद्याचा आवाज शिकवला की तो त्या आवाजात हवं ते गातो, हे तुम्हाला माहीत नसेल असं मला मुळीच वाटत नाही, दिवसभर त्याच धंद्यात असता. आणि शिकवायला डबाभर आवाज दिलात तुम्ही. नववीपासूनचा.

बाईंचं मशीन थांबलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलेलंच होतं. मग त्यांनी उठून खिडकी लावली, सासूबाईंना पाणी दिलं आणि पुन्हा कामाला बसल्या. मी डोकं दुखतंय सांगून वर पळाले. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. कालपासून मी जिन्यावरून तोंड मिटून उतरते.

आणि तुम्ही खांबाला टेकून डोळे पुसत होतात. दहा हजार माणसांत शब्द ऐकून. आई उठून गेली, तिला भरून आलं म्हणे. तिला किळस आली असेल, तुम्हाला का नाही आली?

एकच विचारते, सरळ उत्तर द्या. माहीत असून दिलंत का? माहीत असून दिलं असेल तर मी घरी येणार नाही. रागाच्या भरात लिहीत नाहीये, रात्रभर विचार करून सकाळी लिहितेय. माईकला पक्ष नसतो हे मला पुन्हा सांगू नका.

खाली सही करायला सुद्धा नाव सुचत नाही.


दि. १८ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद. घेशील तर घे.

तुझं पत्र हातात धरून तासभर ओट्याशी बसलो. मग आईपुढे गेलो आणि पाटी-खडू दिला, गाण्याचे शब्द लिही म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी वेडा झालोय. मग लिहिले. मी वाचले.

पोरी, मला ऐकू येत नाही.

दोन वर्षं झाली. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कर्ण्यांशेजारी इतकी वर्षं काढलीत, आता जे गेलं ते परत येणार नाही. ढोलाचा ठोका कळतो, बाईचा आवाज चढलेला कळतो, शब्द कळत नाहीत. समोर कोणी बोललं तर ओठ बघतो. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून हो हो. कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला सभेचं काम कोण देणार? चाचणी मी कानाने घेत नाही, खोक्यावर तळहात ठेवून घेतो. तुझं गाणं मला पाठ आहे म्हणून जमतं. दुसरं कुठलंही लावलं तर मी उघडा पडेन. त्या सभेतही खांबाला हात लावून उभा होतो. चाल तीच, ठेका तोच, तुझे श्वास जागच्या जागी. मला वाटलं तेच गाणं आहे.

आईला वाटलं मी जाणूनबुजून केलं. सभेपासून ती माझ्याशी अबोला धरून आहे. अकरा दिवस. आणि मला वाटलं वय झालं. इतकी लाज मला कशाचीच वाटली नव्हती.

काल प्रचारप्रमुखांकडे गेलो. त्यांचे ओठ नीट बघून ऐकलं. ते म्हणाले, काका, आवाज आता लोकांचा झाला, कुठून काढून घेऊ? वर चहा दिला. मी त्यांचं काम सोडलं. उद्यापासून दुसऱ्याचे कर्णे लागतील, गाणं तेच वाजेल. म्हणजे काम सोडून मी कोणाचं भलं केलं ते देवाला ठाऊक.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच झालं, ते पुरं करतो. सभा कोणाची आहे ते मला माहीत होतं. तिथे काय बोलतात तेही, भिंतीवरच्या फलकांवर मोठ्या अक्षरात असतं, त्याला कान लागत नाहीत. तरी दिलं. कोणीतरी मांडी घालून तुझं गाणं ऐकलं, एवढ्याने मी विरघळलो.

शिंपीणबाईंना सांग की चूक बापाची आहे. म्हणशील तर मी येऊन पाया पडतो.

जमलं तर लोभ ठेव, नाही जमलं तर निदान चार ओळी ठेव.

तुझा
बाबा


दि. २३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

तुमच्यावर विश्वास ठेवला. दोन वर्षं मी तुमच्यावर फोनवर ओरडत होते, त्याबद्दल माफ करा. बाकीचं माफ करायला वेळ लागेल, आणि ते तुम्ही स्वतःच लिहिलंत म्हणून बरं झालं.

पत्र आलं त्याच दिवशी बाईंपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोरा तोडला, सुई टोचून ठेवली आणि म्हणाल्या, दुसऱ्या ओळीलाच ओळखलं होतं. रोज संध्याकाळी ऐकत होते ना. त्यांना हेही कळलं होतं की ते शब्द मी म्हटले नसणार. त्या फक्त वाट बघत होत्या, मी खाली येऊन सांगते का याची. नऊ दिवस वाट बघितली. मी रोज त्यांच्या पुढ्यातून तोंड मिटून जात होते.

बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही. मला आलं होतं. तुम्हाला निदान कारण तरी आहे.

घरमालकाने त्यांना महिनाअखेर खोल्या सोडायला सांगितल्या आहेत. उघड काही म्हणाला नाही, रंगकाम काढलंय म्हणाला. शाळेने गणवेशांचं काम परत नेलं. आज बाई कपडे बांधत होत्या, म्हणजे खरोखरच गाठोडी, आणि मी त्यांना गाठ मारायला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला. रागाने नाही, सवयीने केल्यासारखा.

परवा निघायचं म्हणून आजच सासूबाईंच्या पाया पडायला आत गेले. त्यांना गाडीवरचं काही कळलेलं नाही. शब्द त्यांच्यापर्यंत नीट पोचलेच नव्हते, नुसती चाल ओळखून खूश झाल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, जाण्याआधी एकदा म्हण. मी तोंड उघडलं. दारातून बाईंनी मान हलवली. मग जवळ येऊन हळू म्हणाल्या, मुलीचा घसा बसलाय, राहू दे. मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, तुझा दोष नाही गं, पण तो आवाज आता या घरात नको.

परवाच्या बसने येते. पाया पडायला तुम्ही इकडे येऊ नका, तोवर ते लोक कुठे गेले असतील हे मलाही माहीत नाही. घरी पाटी आणि खडू जागेवर ठेवा, मी लिहून बोलेन. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून, आणि मलाही माझा आवाज सध्या ऐकवत नाही. हो हो म्हणू नका. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आईशीही बोला, ती पाटीवर रागावेल तेवढं रागावू द्या.

खोक्यांच्या चाचणीला मात्र दुसरं काही शोधा. हॅलो हॅलो, एक दोन तीन करा, जग तेच करतं.

माया होती तेवढीच आहे. ती आता कुठे ठेवायची ते आल्यावर बघू.

तुमची
मुलगी

ता. क. टिटवी म्हणून हाक मारू नका. निदान काही दिवस.