सहाव्या माणसाचा रविवार

चिरंजीव भाचेराव यांस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत आणि तूही तिकडे ठीक असशील असं धरून चालते (फोन उचलत नाहीस, पण कट करतोस, म्हणजे अंगात तेवढी तरी ताकद आहे). वेळेवर जेव, पुरेसं झोप, खुर्चीत पाठ सरळ ठेवून बस. पत्र कागदावर आलं याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. कागदाला ती अडचण नाही, तो टेबलावर पडून राहतो आणि मीटिंग संपेपर्यंत थांबतो.

तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या ताईचा, पाय मुरगळला आहे हे तिनं तुला सांगितलंच आहे. मुरगळलेल्या पायात ऑपरेशन करून स्टीलचा गज बसवतात हे मला या वयात नव्यानं कळलं. पण या विषयावर तुला एक अक्षर कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, तेव्हा पायाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. मी लिहिते आहे ते त्या गणिताच्या प्रोग्रामबद्दल. गेल्या खेपेला आलास तेव्हा माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो बसवून देऊन तू म्हणाला होतास, की मावशी, यात जगातलं सगळं गणित होतं, फुकट आहे, आणि कुठं अडलंच तर मदतीला माणसं आहेत. तिन्ही गोष्टी मी तपासून पाहिल्या. फुकट आहे, एवढं खरं.

आता ताकीद पाळून सांगते. ताईला वॉकर घेऊन चालता येतं, पण एकटीनं नाही. उठताना, बसताना, न्हाणीघरात जाताना शेजारी कुणीतरी लागतं. डॉक्टरांनी बजावलंय, की पुन्हा पडली तर पुन्हा उभी राहील याची हमी नाही. हॉस्पिटलनं दिलेली मदतनीस बाई महिनाअखेरीस जाणार. त्याच्या आत आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला माणूस नेमायला हवा. हे काम माझ्या गळ्यात पडणार हे उघडच होतं. शाळेत मी गणित शिकवलं हे सगळ्यांना आठवतं, पण माझी खरी नोकरी वेळापत्रकाची होती. एका सरांना पहिला तास नको, एका बाईंना मधल्या सुट्टीनंतरचा नको, ते दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि प्रयोगशाळा सगळ्यांत मिळून एक. तरीही शाळा उघडायच्या दिवशी वेळापत्रक भिंतीवर लागलेलं असायचं. जमत नाही असं वेळापत्रक नसतं. कुणाला तरी शनिवारचा शेवटचा तास घ्यावा लागतो, इतकंच.

तर माणसं सहा. पहिली मी. दुसरे तुझे काका, म्हणजे आमचे हे (निवृत्त, रिकामे आणि स्वतःला फार कामात समजणारे). तिसरी माझी लेक. तिची बेकरीत पहाटेची पाळी असते, म्हणून दुपारी बारानंतरच. चौथी तुझी आत्या. पाचव्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, ज्या नात्याच्या कुणी नाहीत आणि म्हणून सगळ्यांत आधी हो म्हणाल्या. सहावा तू. (ताई म्हणाली, त्याचं नाव लिही, पण दिवस शून्य लिही, त्याला कामं असतात. मी लिहिले.) मग अटी. काका आणि आत्या एकाच दिवशी नकोत, कारण एकाला खिडकी सताड उघडी लागते, दुसरीला घट्ट बंद, आणि दोघांच्या मध्ये पडसं होतं ते ताईला. शिंपीणबाईंना कपडे देण्याच्या दिवशी जमणार नाही. शिवाय रुग्णाच्या स्वतःच्या अटी, त्या तर रोज एक याप्रमाणे वाढत गेल्या. पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस लागोपाठ दोन दिवस नको. पायाकडे बघून सुस्कारे सोडणारी व्यक्ती सोमवारी नको, आठवडा वाईट जातो. रविवारी सहाव्याशिवाय कुणालाच घालायचं नाही, एखादे वेळी आलाच तर घरात गर्दी नको. वॉकरला नाव ठेवणारा तर आठवड्यातून एका दिवसापेक्षा जास्त नको (काका त्याला घोडा म्हणतात). हे सगळं मी तू शिकवलंस तसं, एकेक ओळ करून प्रोग्रामात घातलं, बटण दाबलं आणि हात जोडून बसले. थोडा वेळ विचार केल्यासारखं करून तो म्हणाला, उत्तर अस्तित्वात नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर सापडलं नाही म्हणाला असता तर समजू शकले असते. माझ्या वर्गातही पोरं म्हणायचीच, बाई, उत्तर येत नाही. पण उत्तर अस्तित्वातच नाही, असं तोंड वर करून सांगणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं! मी त्याला बंद करून चालू केलं. काढून टाकून पुन्हा बसवलं. काकांनी लॅपटॉप उलटा धरून झटकला (ते रेडिओच्या जमान्यातले आहेत, त्यातून निघाले ते बेकरीच्या बिस्किटांचे तुकडे). तरी त्याचं पालुपद तेच. तेव्हा मी ठरवलं, की हा प्रोग्राम ज्यांनी केला त्यांनाच गाठायचं. पदर खोचला आणि मदतीच्या कट्ट्यावर गेले.

हा कट्टा म्हणजे काय ते तुला ठाऊक असेलच. जगभरचे लोक आपापल्या अडचणी मांडतात आणि काही भली माणसं, नोकरीधंदा सांभाळून, एक पैसा न घेता त्या सोडवत बसतात. आपल्या भाषेचाही एक कोपरा आहे. मी 'वेळापत्रक' या नावानं तिथं शिरले आणि पहिला मजकूर लिहिला. सुरुवात रीतीप्रमाणे सर्वांना नमस्कार आणि प्रकृतीच्या चौकशीनं केली, मग ताईचं घसरणं, हाड, गज, आत्याचे सुस्कारे, सगळं सविस्तर. तो मजकूर कुणी वाचायच्या आतच झाकला गेला. खाली टीप आली, की आजारपणाची आणि कुटुंबातली खाजगी माहिती इथं चालत नाही, माणसांना क्रमांक द्या. दिले. रक्ताच्या नात्यांना क्रमांक देताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण काकांना नुसतं 'दोन' म्हणताना फार हलकं वाटलं.

मग माझ्या वाट्याला जो मदतनीस आला त्याचं टोपणनाव होतं खोडरबर. या मुलाबद्दल (मुलगाच असणार, बाईमाणूस इतकं तुटक लिहीत नाही) मला तुझ्याकडे मनापासून तक्रार करायची आहे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलंच वाक्य: आधी गणित मोठ्यानं वाचा, मग बोलू. मला! मी स्क्रीनचा फोटो मोबाईलवर काढून पाठवला, तर म्हणे यात मला एक चष्मा आणि मागे बनियनमधले गृहस्थ दिसताहेत, आकडे दिसत नाहीत. कुठली आवृत्ती आहे विचारलं, मी लॅपटॉपच्या पाठीवरचा सगळा मजकूर उतरवून दिला, बॅटरी आगीत टाकू नये या सूचनेसकट. त्यानं तेवढंच शांतपणे, आवृत्तीचा आकडा कुठं असतो ते पायरीपायरीनं लिहून पाठवलं. चिडला नाही. कंटाळला नाही. मी काहीही विचारावं आणि पाणी पिऊन येईपर्यंत उत्तर हजर असावं. एवढ्या तत्परतेनं हा मुलगा स्वतःच्या घरच्यांशी बोलत असेल का, असा एक विचार मनात येऊन गेला. असो, आपल्याला काय करायचंय लोकांच्या मुलांशी.

त्याचं म्हणणं एकच: एवढ्या अटींत चूक दिसणार नाही. एकेक अट काढत जा आणि दरवेळी चालवून बघा. चूक जाईल तिथं थांबा, ती अट परत घाला, दुसरी काढा. शेवटी जे कमीत कमी उरेल आणि तरीही चुकेल, ते मला दाखवा. मी म्हटलं, ठीक आहे, तू खोडरबर तर मी खडू. दुपारची आवराआवर झाली की ताईच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसायची आणि एकेक माणूस काढायची (म्हणजे त्याच्या अटी, नावं यादीत तशीच). प्रथम काकांना काढलं. काही फरक पडला नाही. हे मी मोठ्यानं म्हणाले ते चुकलं, कारण काका दारातच उभे होते. मग आत्या काढली, सुस्काऱ्यांसकट. तरी उत्तर अस्तित्वात नाही. शिंपीणबाई गेल्या, लेक गेली, खिडकी गेली, पेपर गेला, घोडा गेला. मग स्वतःलाही काढलं. तरी तेच. ताई उशीला टेकून सगळं बघत होती आणि गंमत वाटून विचारत होती, आता कोण उरलं गं?

उरल्या तीन ओळी. रोज निदान एक माणूस हवा. रविवारी फक्त सहावा. सहाव्याचे दिवस शून्य. या तिन्हींतली कुठलीही एक काढली की प्रोग्राम सुतासारखा सरळ चाले. तिन्ही असल्या की उत्तर अस्तित्वात नाही. मी त्या ताईला मोठ्यानं वाचून दाखवल्या. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, तुझं ते यंत्र बंद कर, डोळ्यांना त्रास होतो.

मी बंद केलं नाही. मी त्या तीन ओळी खोडरबरला पाठवल्या. त्याचं उत्तर आलं ते जसंच्या तसं उतरवते, कारण त्यात नमस्कार नसला तरी अक्कल आहे: 'प्रोग्राम बरोबर आहे. तुमच्या अटी एकमेकींना खोटं पाडताहेत. सहाव्याला शून्य कुणी दिलं? त्यानं स्वतः सांगितलं, की तुम्हीच धरून चाललात? बहुतेक वेळा असं शून्य आपणच टाकलेलं असतं. त्याला एकदा विचारून बघा. शून्याच्या जागी एक घाला, सगळं सुटेल.'

तर भाचेराव, प्रोग्राम बिघडलेला नाही, त्याच्यावर घेतलेला आळ मी मागे घेते. तू बसवून दिलेली वस्तू उत्तम चालते, हे कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच. तुझी कामं नीट चालू देत. लहानांना पापा, थोरांना नमस्कार (तुझ्या खोलीत दोन्ही नाहीत, तरी रीत म्हणून).

तुझी,
मावशी (क्रमांक एक)

ता.क. खोडरबर नावाच्या त्या मुलाची आणि तुझी कट्ट्यावर गाठ पडत असेल, तर त्याला माझे दोन निरोप दे. पहिला, आधी गणित मोठ्यानं वाचा हे वाक्य माझं आहे. ते मी ज्या स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकवलं, तिथं भागाकार अडला की खोडरबर कुरतडणारं पोर एकच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. दुसरा निरोप, तू फार चांगलं समजावून सांगतोस रे. शेवटचं उत्तर वाचताना मला रडू आलं आणि अभिमान वाटला, आणि कान धरावासाही वाटला, तिन्ही एकदम.

ता.ता.क. तुझा सल्ला मानला आहे. सहाव्याला विचारायला मात्र थांबले नाही. शून्य खोडून एक घातलं, बटण दाबलं, उत्तर आलं. काका आणि आत्या वेगवेगळ्या दिवशी, सोमवार सुस्काऱ्यांविना, सगळं चोख. छापून ताईच्या फ्रिजवर लावलं आहे, आणि एकदा लागलेलं वेळापत्रक मी नोकरीत असतानाही कुणासाठी बदललं नाही. मदतनीस बाई गेल्यावरचा पहिला रविवार तुझा. पहाटेची गाडी धरलीस तर ताई अंथरुणातून उठायच्या आत पोचशील, आणि उठतानाच माणूस लागतो.

शेवटचं. पत्र पाकिटात घालत होते तर ताईनं थांबवलं आणि तिच्या नावानं पुढचा मजकूर घालायला लावला: 'पाय अगदी बरा आहे, तुझी मावशी उगाच बाऊ करते, कामं टाकून मुळीच येऊ नकोस.' मी शब्दन् शब्द लिहून घेतला. तो संपताच तिनं मला तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घालायला पाठवलं आणि पलीकडच्या खोलीतून ओरडून सांगितलं, की निळी घाल, त्याला निळी आवडते.