आवाजाच्या दिशेनं

जुबैल, सौदी अरेबिया
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय गुणाजी,

सलाम. वहिनींनी पाठवलेलं कुळथाचं पीठ पोचलं आणि कॅम्पातल्या मंडळींनी त्याचा फडशाही पाडला. माझी तब्येत उत्तम. इथे आता सकाळी जरा गार वाटायला लागलंय.

आपल्या होमगार्ड पथकाचा इतिहास तू मोबाइलवर पाठवलास, तो वाचला. पन्नास वर्षांचा सोहळा, स्मरणिका, सगळं झकास. पण लेका, किती गुळगुळीत लिहिलंयस! दिवसभर शेतात राबून संध्याकाळी खाकी चढवायची आणि लाकडी रायफली घेऊन शाळेच्या मैदानात कवायत करायची, बायका कुंपणापलीकडून हसायच्या, ते कुठे गेलं? पुराच्या वर्षी तू पुलावरून शिट्टी वाजवलीस आणि आम्ही पाण्यात घुसलो, हे लिहिलंस. समादेशक साहेबांना, म्हणजे तुला, स्वतःला पोहता येत नव्हतं आणि आमच्यामागून उडी मारलीस तेव्हा आधी तुलाच बाहेर काढावं लागलं, हे बरोबर गाळलंस. ते घाल, नाहीतर मी घालतो.

आणि तुझा नियम तर राहिलाच. शिट्टी वाजली की कारण विचारायचं नाही, आवाजाच्या दिशेनं पळायचं. उलटा पळेल त्याची खाकी काढून घ्यायची. आपलं पथक त्या एका नियमावर उभं राहिलं. तुझा पंकजही इकडे येण्याआधी तुझ्या हाताखाली तेच शिकला.

आता पंकजचं. मघापासून मी हा विषय टाळतोय.

गेल्या आठवड्यात आमच्या प्लांटमध्ये गॅस गळला आणि भोंगा झाला. इथला नियम तुझ्या बरोबर उलटा आहे. भोंगा झाला की लांब पळायचं, ठरलेल्या जागी उभं राहायचं. सगळे तिकडे पळाले. पंकज एकटा आत पळाला, मास्कशिवाय, आणि एका बेशुद्ध वेल्डरला ओढत बाहेर घेऊन आला. दोघंही धडधाकट आहेत, घाबरू नकोस. पण नियम मोडला म्हणून कंपनीनं त्याला काढलं. खलास.

तो मला म्हणाला, "चाचा, बाबांना लिहा की मीच नोकरी सोडली. हाकललेला पोरगा त्यांना सोहळ्यात नको असेल."

मी नाही म्हटलं. कारण गुणाजी, इथला सेफ्टी सुपरवायझर मी आहे. कंपनीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा तो आत गेला होता, हे मीच सांगितलं. पोटच्या पोरासारखा आहे तो मला, सांगताना जीव तुटला. तरी सांगितलं, आणि उद्या पुन्हा सांगेन. एक जण असा वाचला की त्याचं बघून दहा जण आत धावतात, आणि मग मढी बाहेर काढावी लागतात. कंपनीचं चुकलेलं नाही. पण पंकजला मी दोष देणार नाही, तूही देऊ नकोस. भोंगा ऐकून त्याचे पाय जिकडे वळले, तिकडे वळायला तूच शिकवलंस.

बुधवारी तो चिपळूणला उतरेल, म्हणून या पत्राचा फोटो मोबाइलवरच पाठवतोय. नोकरीचं काही विचारू नकोस. त्या वेल्डरचं नाव विचार, तो आता कसा आहे ते विचार. मग पोराला सोहळ्यात पथकाच्या पुढे उभा कर. राग येईल तो सगळा माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन.

अजूनही तुझ्याच पथकातला,
हनीफ