वृत्तात बसलेली ओळ

११ जानेवारी १९८३

पहाटे जाग आली ती बोअरच्या गाडीच्या आवाजानं. गाडी कुठली आता. दहा वर्षांपूर्वीची ती, ओढ्याचा चढ चढताना गिअर बदलणारी. एक आखूड हिसका, दोन लांब ओढी. ल गा गा, ल गा गा. भुजंगप्रयात. एकतीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण ते वृत्त चाकांवर चालत आलेलं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, "चहा प्या. गाडीबिडी काय न्हाय, गिरणी सुरू झालीय."

१४ जानेवारी

संक्रांत. पोस्टमन रहीमभाई तिळगूळ घ्यायला आले, पिशवीतून निळं पाकीट काढलं. "मास्तर, जपान आलं."

हारुओचं पत्र, बोअरची ती गाडी चालवणारा. डिक्शनरी घेऊन दुपारपर्यंत बसलो. त्याची इंग्रजी मोडकी, माझी गंजलेली, पण आमचं जमतं.

बत्तिसावं लागलं त्याला. शर्यतीच्या गाडीची कंपनी म्हणते, आणखी एक वर्ष चालव. आई म्हणते, पुरे. गेल्या साली त्याच्या डोळ्यांदेखत एक सोबती गेला. आई एकटी, शर्यतीच्या दिवशी दुकान बंद करून देवळात बसते. शेवटी लिहिलंय, "मास्तर, तुम्ही सांगाल तसं करीन."

माझ्यावर कशाला टाकलं रे बाबा. आणि (इथं खोटं कशाला लिहू) बरंही वाटलं.

१६ जानेवारी

पत्रांचा डबा काढला. नऊ वर्षांची पत्रं, बिस्किटाच्या एका डब्यात मावतात.

७४: गॅरेजात नोकरी, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली. ७६: पहिली शर्यत. जुनी गाडी, शेवटून दुसरा. "पण पूर्ण केली." ७८: भर पावसात शर्यत, बाकीचे घसरले, हा तिसरा. म्हणतो, वाळूत गाडी कशी धरायची ते तुमच्या ओढ्यात शिकलो. ८०: पगारी ड्रायव्हर. एका माणसापुरती गाडी, उघडी चाकं. डोक्यावरच्या टोपावर पिवळा गोळा रंगवलेला. तिकडच्या पेपरवाल्यांना तो चंद्र वाटतो. ते लिंबू आहे. इथून जाताना सौ.नं त्याच्या ट्रकला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या.

प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: हापशाला पाणी आहे ना?

आहे रे. आहे.

१९ जानेवारी

आज डोकं तिकडंच. बहात्तरचा दुष्काळ, माणसं खडी फोडायला, शाळेत सुकडी शिजायची. परदेशी संस्थेनं बोअरची गाडी धाडली, ती चालवायला हा बावीस वर्षांचा पोरगा. मला इंग्रजी येतं म्हणून सरपंचांनी त्याच्या शेजारी बसवलं. वाट दाखवायची मी, आणि दिवसभर वृत्तं ऐकवायची. तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरी. ल गा गा.

संस्थेच्या साहेबांनी खुणा केलेल्या दोन जागा कोरड्या गेल्या. तिसरी बौद्धवाड्यात, भीमरावच्या दारापुढं. बोळ असला अरुंद, की सगळे म्हणाले गाडी जायची नाही. हारुओनं आरसे दुमडले अन् उलटी गाडी घातली. दोन्ही भिंतींना बोट-बोट जागा. भीमरावची आई उंबऱ्यात हात जोडून उभी. एकशेऐंशी फुटांवर पाणी. तोच आजचा हापसा.

वरची आळी दोन दिवस लाजली. तिसऱ्या दिवशी घागरी घेऊन त्याच बोळात उभी. मीही होतो. त्या आधी त्या बोळात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. शिकवत होतो सगळ्यांना, पण पाऊल टाकलं नव्हतं. तेही त्याच्यामुळं.

२३ जानेवारी

उत्तर टाकलं. चार दिवस कागद पुढ्यात, काही सुचेना. आज आंघोळ करताना ओळ आली:

नको थांबु राजा, तुझी वाट मोठी

चारही गण चोख. खाली इंग्रजीत अर्थ लिहिला. सौ.ला वाचून दाखवली. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "अन् त्याच्या आईला काय लिवलं?"

आईला काय लिहायचं. पत्र त्याचं आहे.

२ मे

हारुओ: करार केला. माझी ओळ कागदावर लिहून गाडीत समोर चिकटवलीय. आई बोलत नाही. सोबत एक मोठा फोटो: टोप काखेत, हसतोय, पुढचे दात अजून तसेच, मधे फट ठेवून.

फोटो घेऊन गावभर हिंडलो. भीमराव आता दूध सोसायटीचा सेक्रेटरी. "गुरुजी, ह्यो डेअरीत लावू. एस्टी तिथंच थांबती. येणारा-जाणारा बघंल." माझाच विद्यार्थी. नाही कसं म्हणू.

१७ मे

हापशाला पाणी लागल्याचा दिवस. दरसाल हापसा धुतात, हळद-कुंकू, नारळ. बायका म्हणतात हारुभाऊचा सण. खोबरं वाटलं. दहावं वर्ष, म्हणून थोडा जास्त थाट.

नंतर डेअरीत गेलो. फोटोला चौकट, चौकटीला चंदनी सालींचा हार.

"भीमराव, जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का रे?"

"गुरुजी, देवाच्या फोटोला न्हाय का घालत? सोलापुरातनं आणलाय, सुकत न्हाय."

दूध घालायला आलेल्या बायका हसल्या. मीही हसलो. प्रेमानं घातलाय.

३० जुलै

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मेकॅनिकचं पत्र. पाच ओळी. पाऊस. तिसऱ्या फेरीला वळणावर गाडी उलटली, पेटली. बाहेर काढलाय. दवाखान्यात आहे. बोलत नाही.

रहीमभाई अजून दारात उभे. "खैरियत ना, मास्तर?" मी मान हलवली. कशी हलवली, आठवत नाही.

१ ऑगस्ट

ओळ चांगली होती. ओळ चांगली होती म्हणूनच लिहिली. तो थांबावा का थांबू नये, याचा विचार मी केलाच नाही. 'थांब तू' हे ओळीच्या आरंभी काही केल्या बसेना, 'नको थांबु' बसलं. पोरगं जिवाचं विचारत होतं, मी गण मोजत होतो.

कुणाला सांगू हे. सौ.ला सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "तुमी वाईट न्हाय चिंतलं." एवढंच. सेहेचाळीस वर्षं या बाईनं मला सांभाळलंय.

७ ऑगस्ट

सौ. सोनारीला भैरोबाला जाऊन आली. नवस काय बोलली, सांगत नाही. अंगारा पुडीत बांधून म्हणाली, "जपानला धाडा." धाडला. सोबत पत्र, त्याच्या आईच्या नावानं. पहिल्यांदाच. एकही ओळ वृत्तात नाही. चूक माझी, तुम्ही बरोबर होतात, एवढंच.

२१ ऑगस्ट

डेअरीत गेलो. भीमरावला म्हटलं, तो हार काढ.

तो कॅनला झाकण लावत होता. थांबला. "आता काढला तर गाव म्हणंल, आणिक कायतरी वाईट खबर आली. घातला तर घातला. त्यो येईल तवा त्येच्या हातानं काढंल."

"आणि नाही आला तर?"

"गुरुजी, त्या बोळातनं गाडी जाईल असं तवा कोण म्हणलं होतं?"

पोरं शिकवलेलं विसरतात म्हणतात. हा विसरला नाही, उलट मलाच शिकवतोय.

१८ सप्टेंबर

पाऊस बरा. ज्वारी पेरायला वापसा होईल. जपान नाही. रहीमभाई आता घरावरून जाताना घंटी वाजवत नाहीत, मला उठून यायला नको म्हणून.

२ ऑक्टोबर

जपान नाही. संध्याकाळी हापशावर जाऊन बसतो. भीमरावची आई पार थकलीय, तरी पाणी भरायला आलेल्या प्रत्येकीला विचारते, "त्या पोराचं काय कळलं का?" परवा मला म्हणाली, "मास्तर, त्येनं माझी भिंत राखली. बोटभर जागा सोडून गाडी घातली. आसल्या हाताला काय व्हत न्हाय."

काय काय दिलं या पोरानं. पाणी दिलं, बोळ दिला, म्हातारपणी वाट बघण्यासारखं काही दिलं. रिटायर माणसाच्या दारात महिन्या-दोन महिन्यांनी निळं पाकीट, केवढी श्रीमंती. यातलं काही परत मागू नये. एवढंच कळावं की

२३ ऑक्टोबर

दुपार. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर नाही.

अकराची कुर्डुवाडी एस्टी आली. थोड्या वेळानं दार वाजलं. कंडक्टर, त्याच्यामागं भीमराव, मधे एक म्हातारी. ठेंगणी, पांढरे केस, राखाडी कपडे, बूट दाराबाहेर काढून नीट जोडून ठेवलेले. पुढचे दात बघितले आणि ओळखलं. हारुओची आई.

कंडक्टर म्हणाला, "ह्यांच्याजवळ तुमच्या पत्राचं पाकीट हाय, पाठीमागचा पत्ता दावत व्हत्या." एकटीच आलीय. तिच्याजवळ माझी भाषा नाही, माझ्याजवळ तिची नाही.

भीमराव हळूच कानाशी: "गुरुजी, डेअरीपुढं उतरल्या अन् फोटोपाशी गेल्या. लई येळ बघितलं. मग टाचा उचलून हार काढला. मी तसंच त्यास्नी हितं घिऊन आलो."

हार तिच्या हातात होता. अजून आहे.

मी वाकून नमस्कार केला. तीही वाकली, माझ्यापेक्षा खाली. पोरगं आहे की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाली, "मास्तर." हे त्याच्याकडूनच शिकलेली. मग पिशवीत हात घातला, काहीतरी गुंडाळलेलं आहे आत, अजून बाहेर काढलेलं नाही.

सौ.नं तिला हाताला धरून पाटावर बसवलंय, हापशाचं पाणी दिलंय. ती दोन्ही हातांनी तांब्या धरून पितेय, सावकाश, सगळं. मी चष्मा शोधायचं निमित्त करून आत आलो. चष्मा डोळ्यांवरच आहे.

सौ. हाक मारतेय. "अवो, बाहेर या. त्या तुमच्यासाठीच थांबल्यात."

जातो.