पाच कोरे गाऊन

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
रविवार

प्रिय पुष्कर,

तुझा मेसेज येऊन आठवडा होत आला. दोनदा उत्तर टाईप करायला घेतलं आणि पुसून टाकलं. फोनवर मी 'बरं आहे' आणि 'जेवलो' यापुढे जात नाही, हे तुला माहीत आहे. तू आईची एक वस्तू मागितली आहेस. नुसतं हो किंवा नाही म्हणायचं असतं तर मेसेजमध्ये बसलं असतं. तसं नाही, म्हणून कागद घेतला.

तुझ्या मेसेजमधल्या 'वेअर' या शब्दावरून मला आपली माया आठवली. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर ती आजीला म्हणाली होती, आजी, चष्मा नेस, मी चित्र दाखवते. तुझी आई इतकी हसली की तिच्या देखभालीला येणाऱ्या रखमाला तिला पाणी द्यावं लागलं. मग तिने नातीचा वर्गच घेतला. साडी नेसायची, फ्रॉक घालायचा, चष्मा लावायचा, गजरा माळायचा, बांगड्या भरायच्या. माया वैतागून म्हणाली, पण आजी, सगळं वेअरच आहे ना. कॉल संपल्यावर कुंदा मला म्हणाली, बिचाऱ्यांकडे एकच शब्द आहे हो, कसं भागवतात कोण जाणे.

मला तो शब्द आधी कपड्यांसाठी माहीतच नव्हता म्हण. अंबरनाथच्या कंपनीत आम्ही बेअरिंग उघडून किती झिजलं ते मोजायचो आणि रिपोर्टात वेअर असं लिहायचो. लग्नानंतर कधीतरी कुंदाने विचारलं होतं की नेसण्याला इंग्रजीत काय म्हणतात. मी सांगितलं. आणि झिजण्याला? तेही सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, मग तुमच्या इंग्रजीत संसाराला वेगळा शब्द शोधायची गरज नाही. ती असं बोलून स्वयंपाकघरात निघून जायची.

अर्धांगाने तिची डावी बाजू गेल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, साडी बंद करा. डॉक्टर म्हणाले, समोरची किर्ती म्हणाली. रखमा तर रोज म्हणायची, काका, गाऊन घाला की त्यांना, तुम्हालाबी सुटसुटीत पडंल. कुंदाने ऐकलं नाही. म्हणाली, गाऊन घातला की मी आजारी असते, साडी नेसले की नुसती बसलेली असते. तू फोनवर काळजी करत होतास, आणि तुमचं पार्सल आलं. पाच गाऊन, पुढून उघडणारे, सूनबाईने, राजसीने रंग निवडलेले. कुंदाने एकेकावरून हात फिरवला. किती मऊ आहे, म्हणाली, आणि पुन्हा पिशवीत घालून कपाटात ठेवायला लावले. तू कॉलवर विचारायचास, आई, गाऊन सोयीचे आहेत ना? ती गळ्यापर्यंत शाल ओढून घ्यायची आणि म्हणायची, फार मऊ आहेत रे. मी बाजूला बसलेला असायचो. तिने मला डोळ्यांनी गप्प केलेलं असायचं. पोराने एवढ्या लांबून पाठवलेत, त्याला वाईट वाटेल, असं नंतर म्हणायची.

तर साडी मी नेसवायचो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रखमाला आणि किर्तीला ठाऊक होतं, तेवढंच. कुंदा उजव्या हाताने खिडकीचा गज धरून उभी राहायची, रखमा डावीकडून आधार द्यायची आणि मी तिच्याभोवती फिरून साडी परकरात खोचत जायचो. सुरुवातीला निऱ्या सुटायच्या. अहो, साडी नेसवताय की सोफ्याला कव्हर घालताय, असं ती विचारायची. कंपनीत मापं घेत होतात ना, मग इथे का एक निरी मोठी, एक लहान? पुढे जमायला लागलं. मग टोमणे बंद झाले आणि ती खिडकीतून बाहेर बघत उभी राहायची. झालं की पदराला पिन लावायची. ती पिन तिने तोंडात धरलेली असायची, लहानपणी तू ओरडायचास तिला त्यावरून. दिवसातला तेवढा वेळ मी बरा असायचो. त्यानंतर दिवसभर काय करायचं ते मला कळत नसे, आणि आता तर सकाळचंही कळत नाही.

त्या दिवशी रखमाने तिला पुसून घेतलं होतं. परकर-पोलकं घालून, अंगावर शाल घेऊन ती पलंगावर बसली होती, माझी वाट बघत. मी आदल्या दिवशीची साडी धुवून गॅलरीत वाळत घालत होतो. रोज तसंच असायचं, जुनी दोरीवर गेली की नवी काढायची. आतून कुंदाचा आवाज आला, आज पिवळी काढा हो. मी हो म्हणालो. मी साडीचं दुसरं टोक ओढून सरळ करत होतो तेवढ्यात रखमाने हाक मारली. आत गेलो तेव्हा ती आडवी झाली होती आणि रखमा तिचे तळवे चोळत होती. डॉक्टर आले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

बायकांनी मला बाहेर बसवलं. सवाशीण गेली म्हणून हिरवी साडी काढली, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानातून तिने तुझ्या लग्नासाठी घेतली होती ती. थोड्या वेळाने किर्ती बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, काका, आम्हाला जमत नाहीये, तुम्ही येता का? कोणीतरी म्हणालं, पुरुषमाणसाने कशाला. किर्तीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी गेलो. पण मला फक्त उभ्या माणसाला नेसवायला येत होतं. गज धरायला तिचा हात नव्हता. शेवटी त्यांनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत साडी अंगाखालून घेतली. मी निऱ्या घातल्या, तेवढ्याच. त्या सारख्या आल्या होत्या. कुंदा बघून काही बोलेल म्हणून मी थांबलोही.

तुला वेळेत येता आलं नाही, याबद्दल माझ्या मनात काही नाही. पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात अडकला त्याला तू काय करणार. तू लिहिलंस की आई वेअर करायची त्यातला एक गाऊन पाठवा, आणि खाली पुन्हा लिहिलंस, बाबा, धुऊ नका. ते वाचून मी कपाट उघडलं. तुला कळायला हवं म्हणून हे सगळं लिहिलं. तिने गाऊन एकदाही घातला नाही. हिरवी साडी तिच्याबरोबर गेली. अंथरूण, उशी, शाल, सगळं रखमाने त्याच दिवशी रीतीप्रमाणे टाकून दिलं, मी अडवलं नाही, मला सुचलं नाही. उरली आदल्या दिवशीची साडी. ती मी स्वतः धुतली, दोन पाण्यांतून काढली, चांगली पिळली. परवा कपाटातून काढून तोंडाशी धरून बघितली, साबणाखेरीज कशाचाच वास नाही. घरात तू मागतोस तसं काहीच शिल्लक नाही. गाऊन पाचही पिशवीत आहेत, घडी न मोडलेले. तरी हवा असेल तर कळव, पाठवतो. त्याला दुकानाचा वास येतो.

तुझाच,
बाबा