आधी कडबा, मग घास

दादा,

लाल गाय जिवंत आहे. गोठ्यातलं रक्त बघून घाबरू नकोस, ते तिचंच आहे.

तू दूध घालायला गेलास आणि इकडे तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, गाय आडवीच झाली. उपाशीपोटी ओला लसूणघास टाकलास तिला. आधी कडबा, मग घास, एवढंच तर चाऱ्याच्या मी आणलेल्या वेळापत्रकात लिहिलं होतं. ते काल तू फाडलंस, वर माझ्या कानाखाली वाजवलीस.

डॉक्टर पोचेपर्यंत ती राहिली नसती. त्यांनी फोनवर पोटातला वायू सोडायची जागा सांगितली आणि मी सुरी तिच्या डाव्या कुशीत मुठीपर्यंत खुपसली. हात जरासुद्धा थरथरला नाही. माझं मलाच नवल वाटलं.

आता डॉक्टरांनी येऊन टाके घातलेत. उद्यापर्यंत तिला नुसता कडबा दे, तोही थोडा थोडा. मी डॉक्टरांच्याच गाडीतून पुढे माणसांच्या दवाखान्यात चाललेय. कालपासून डाव्या कानाने ऐकू येत नाही.

वेळापत्रक खळ लावून पुन्हा गव्हाणीवर चिकटवलंय. फाडावंसं वाटलं तर आधी गाईची कूस बघ.

सुरी शोधू नकोस. माझ्याकडे आहे.

चिमी