पट्टेवाल्याची हजेरी

३ जून, सोमवार

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. जाताना मासा मागे ठेवला. कॅटफिश. काळं अंग, त्यावर पांढरे पट्टे, तोंडाला मिशा. मी त्याला पट्टेवाला म्हणतो. टाकी हॉलमध्ये माझ्या खुर्चीसमोर मांडून घेतली. मुलगी सगळ्या सूचना आईला देत होती, मला एकही नाही. निघताना म्हणाली, तेवीस तारखेला येईन, मासा भेदरलेला दिसला तर सरळ घेऊन जाईन. वर, बाबा, तुम्ही त्याच्या मागे लागू नका. मी कारखान्यात हजेरी विभागाचा प्रमुख आहे. भल्याभल्यांना वठणीवर आणलंय. तेवीसला हा मासा तिच्यासमोर माझ्या एका टाळीवर हजर होणार. लिहून ठेवतो.

४ जून

संध्याकाळी हजेरी घेतली. गैरहजर. टाकीत एक पोकळ लाकूड आहे, त्यात शिरून बसलाय. शेपटीचं टोक तेवढं बाहेर. मुद्दाम.

६ जून

टाळ्या वाजवल्या. काचेवर किल्ली वाजवली. शेपटीही आत घेतली. चिरंजीवांची कॉलेजची सुट्टी चालू आहे, म्हणजे मोबाइल चालू आहे. त्यात बघून म्हणाले, या माशांना उजेड आणि आवाज सोसत नाही. मी म्हटलं, सोसायची सवय लावावी लागते, तुलाही तशीच लावली. ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. टाकीवर टेबल लॅम्प रोखला आहे.

९ जून, रविवार

नवा नियम. काचेवर शेवाळ धरलंय. ते खाऊन पट्टेवाल्याने काच साफ करावी. तोवर बाकी खाणं बंद. आयतं खाणारे मला कारखान्यातही चालत नाहीत. बायको म्हणाली, अहो, हा शेवाळ खाणाऱ्यातला नाही. म्हटलं, भूक लागली की सगळे सगळं खातात. त्यावर दिवसभर ती एक शब्द बोलली नाही. तिला पटलं असावं.

१३ जून

लाकूड जप्त. जाळीने बाहेर काढताना पट्टेवाल्याने पराचे काटे ताठ केले आणि जाळीत अडकला. सोडवायला गेलो तर माझ्या अंगठ्यात काटा घुसवला. वरिष्ठावर हल्ला. मी ओरडलो तशी बायको धावत आली आणि विचारलं, लागलं का त्याला. पट्टी माझी मीच बांधली, डाव्या हाताने. लाकूड बाल्कनीत ठेवलंय.

१४ जून

आता फिल्टरच्या पाइपमागे दडलाय. एकच डोळा दिसतो. त्या डोळ्याला डोळा भिडवून बसलो. आधी पापणी कोण मिटतो ते बघू म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा चिरंजीव म्हणाले, माशांना पापण्या नसतात. हे त्यांना आधी सांगता आलं असतं. माझ्याकडे बघत उभे होते.

१८ जून

गंभीर बाब. खाणं बंद असूनही पट्टेवाल्याचं पोट गोल आहे. टाकीच्या तळाशी काकडीची साल सापडली. दोघांना समोर उभं करून विचारलं. कोणालाच काही माहीत नाही. घरात फितुरी आहे, पण मी डोळ्यांत तेल घालून बसलोय. तसंच, बाल्कनीतलं लाकूड रोज संध्याकाळी ओलं असतं. वरून गळती आहे. प्लंबरला बोलावणे.

२१ जून

यश. आज टाळी वाजवली तर पट्टेवाला थरथरला. म्हणजे दखल घेतली. पुढची पायरी बाहेर येणं. हा कारखान्यातला अनुभव आहे. प्लंबरला गळती सापडली नाही. एकाला काम येईल तर शपथ.

२३ जून, रविवार

मुलगी आली. सगळ्यांना टाकीसमोर बसवलं. टाळी वाजवली. काही नाही. परत वाजवली. पट्टेवाला पाइपमागे आणखी आत सरकला. तळहात लाल होईपर्यंत वाजवत राहिलो. म्हटलं, आज सुट्टीचा वार आहे. कोणी हसलं नाही. मुलगी उठली, सरळ बाल्कनीतून लाकूड आणलं आणि टाकीत ठेवलं. लाकूड तिथे आहे हे तुला कोणी सांगितलं, असं विचारलं. तिने मोबाइल पुढे केला.

व्हिडिओ होता. दुपारचा. माझा लॅम्प बंद, लाकूड टाकीत. पट्टेवाला पुढच्या काचेला चिकटून मजेत फिरतोय आणि बायकोच्या हातातली काकडी खातोय. चिरंजीव माझ्या खुर्चीत, पाय टेबलावर, गुणगुणतायत. कोणीतरी बाई मोठ्याने हसतेय. आधी वाटलं, शेजारीण आलीय. ती बायको होती.

असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. तिघांचा ग्रुप आहे. बायकोने आढेवेढे घेतले नाहीत. तुम्ही निघालात की लाकूड आत आणि तुमची स्कूटर वाजली की बाहेर, म्हणाली. स्कूटर आता पट्टेवाल्यालाही कळते, तो आधीच पाइपमागे जाऊन बसतो. मुलगी म्हणाली, मी मासा घेऊन जाते. बायको म्हणाली, राहू दे, दिवसा आम्ही छान असतो. आम्ही म्हणाली.

अपमान झाला. लिहून ठेवतो.

२५ जून, मंगळवार, दुपार

आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण रजा टाकली. म्हटलं, आपणही बघावं. लॅम्प बंद, लाकूड टाकीत, टाळी नाही. काकडी मी स्वतः चिरून टाकली. सकाळपासून खुर्चीत हललेलो नाही.

चिरंजीवांचं दार बंद. बायको स्वयंपाकघरात आहे, भांड्याचाही आवाज नाही. मघाशी दारातून डोकावून विचारून गेली, निदान दुपारून तरी कारखान्यात जाणार का. लाकडातून शेपटीचं टोक दिसत होतं. मला खोकला आला, तेव्हा तेही आत गेलं.

हजेरी घेतली. हजर, मी.