आडव्या रचलेल्या रेकॉर्डी

मंगळवार, संध्याकाळ

शुक्रवारी ह्यांचं रेकॉर्डींचं नवं दुकान उघडायचं आन् आज मीच घाण करून ठेवली. ह्यांनी तीस वर्षं जमवलेल्या गाण्याच्या रेकॉर्डी मी एकीवर एक आडव्या रचल्या. चादरीच्या दुकानात जन्म गेला माझा, थप्पी लावायची एवढंच हाताला ठावं. वर पत्रा, त्यात सोलापूरचं ऊन. दुपारपर्यंत कितीतरी पापडासारख्या वाकल्या.

"अगं, चादरी हायत का ह्या? उभ्या ठेवायच्या असत्यात."

"मग आधी सांगायला काय झालं हुतं? तोंडात सुपारी हुती का?"

चूक माझी, आन् वर मीच वरडले. ह्यांनी एक वाकलेली लावून बघितली. सुई वर-खाली, गाणं बी झोकांड्या खायला लागलं. ह्यांना हसू आलं, मला रडू. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं की.

मग म्हणाले, "राहिल्यात त्या दोघं मिळून उभ्या करू. कडेला धर, मधी बोट लावू नको." मला जमंना, तवा माझा हात हातात घेऊन दाखवलं. शटर उघडं, समोरचा चहावाला बघतोय. एरवी हिसडा दिला असता. आज न्हाय दिला. पुढची रेकॉर्ड बी मुद्दाम चुकीची धरली.